परदेशवारीचा हिशेब : आठ डॉलरपासून आजपर्यंत

फेब्रुवारी संपत आला की आपल्या सोसायटीच्या गेटवर आणि लिफ्टमध्ये एकच विषय निघतो, "यंदा मे महिन्यात कुठे?" पूर्वी याचं उत्तर गाव, महाबळेश्वर किंवा मामाचं घर असायचं. आता दुबई, बाली, व्हिएतनाम, युरोप अशी नावं सहज ऐकू येतात. स्मरणिका समितीने "काहीतरी माहितीपूर्ण लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा ठरवलं की या परदेशवारीचाच थोडा इतिहास लिहावा. बँकेत असताना काही वर्षं मी परकीय चलन विभागात काढली. त्यामुळे या इतिहासाची एक बाजू काउंटरच्या आतून पाहिलेली आहे.

समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावं लागे, तो काळ फार मागचा. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, पण तो शिक्षणासाठीचा प्रवास होता, हौसेचा नव्हे. स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो, जिनिव्हामार्गे मुंबईहून लंडनला गेलं. त्यात ३५ प्रवासी होते. सर्वसामान्य माणूस मात्र पुढची वीसेक वर्षं बॅलार्ड पिअरवरून बोटीनेच जात होता. मग जून १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला, तो १९७५ पर्यंत उघडलाच नाही. बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, म्हणजे चार हजारांवर सागरी मैल जास्त. तोवर जेट विमानं आली होती आणि १९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं जम्बोही मुंबईत उतरलं. बोटीचा प्रवास जो संपला तो संपलाच.

विमान आलं, पण मध्यमवर्गीय माणूस त्यात बसला नाही. भाडं परवडत नव्हतं हे कारण खरंच, पण त्याहून मोठी अडचण होती ती डॉलरची.

आज तरुण मंडळींना सांगितलं तर खोटं वाटतं. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी जाणाऱ्या साध्या प्रवाशाला अधिकृतपणे फक्त आठ डॉलर मिळत. १९६६ च्या अवमूल्यनात डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, म्हणजे आठ डॉलरचे झाले साठ रुपये. तुमच्या खात्यात साठ हजार असले तरी मिळणार साठ रुपयांचेच डॉलर. प्रश्न ऐपतीचा नव्हता, परवानगीचा होता. शिवाय तिकीट काढायचं तर 'पी फॉर्म' भरायचा आणि त्यावर रिझर्व्ह बँकेची मंजुरी घ्यायची. परदेशातला नातेवाईक "यांचा राहण्याखाण्याचा खर्च मी करीन" असं लिहून देई, तेव्हा काम पुढे सरके. पुष्कळदा तिकिटाचे पैसेही तोच तिकडून भरायचा. म्हणजे आईवडिलांनी मुलाकडे जायचं ते त्याच्याच पैशाने, आणि विमानतळावर उतरल्यापासून चहाच्या कपासाठीही त्याच्याच तोंडाकडे बघायचं. ज्यांनी आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही, अशा माणसांना हे किती जड जात असेल ते वेगळं सांगायला नको.

१ जानेवारी १९७४ पासून 'फेरा' म्हणजे परकीय चलन नियमन कायदा लागू झाला आणि नियम मोडणं हा फौजदारी गुन्हा ठरला. पुढे १९७९ मध्ये परदेश प्रवासावर शंभर रुपये कर बसला. तो वाढत वाढत पाचशेवर गेला आणि २००४ च्या सुरुवातीला रद्द झाला.

ऐंशीच्या दशकात थोडी सवलत मिळाली. काही वर्षांतून एकदा पाचशे डॉलर घेऊन सहलीला जाता येऊ लागलं. आम्ही ट्रॅव्हलर्स चेक द्यायचो. प्रत्येक चेकवर ग्राहकाने आमच्यासमोर एक सही करायची आणि परदेशात वटवताना दुसरी. दिलेली रक्कम पासपोर्टच्या शेवटच्या पानांवर लिहून शिक्का मारायचा. कुणाचा जुना पासपोर्ट घरात असेल तर उघडून बघा, असे शिक्के सापडतील. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक पत्नीला घेऊन आले. फंडाचे पैसे मिळाले होते, पाचशेवर आणखी दोनशे डॉलर द्या म्हणाले. कशाला, असं विचारलं. तर म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना नकाशावर रोम दाखवलं, आता तिथे दोन दिवस जास्त राहायचंय." नियमात ते बसत नव्हतं. पैसे त्यांचे, घामाचे, आणि कायद्याने मला नाही म्हणावं लागलं. त्यांनी वाद घातला नाही. पासबुक पिशवीत ठेवलं आणि पाचशेचे चेक मोजून घेतले.

ग्रुप टूरचा जमाना सुरू झाला तो याच काळात. 'केसरी' १९८४ सालची. बरोबर आचारी घेऊन युरोपात वरण-भात आणि श्रीखंड-पुरी वाढणाऱ्या सहलींची आपण थट्टा करतो की मराठी माणूस आयफेल टॉवरखाली बसूनही पोळीभाजीच मागतो. माझं मत थोडं वेगळं आहे. खिशात मोजके डॉलर असताना पॅरिसच्या हॉटेलात दोन वेळ जेवायचं म्हटलं तर ते चार दिवसांत संपले असते. जेवणाची सोय आधीच झालेली असली की हातातले डॉलर रेल्वे, म्युझियम आणि मुलांच्या चॉकलेटला उरत. जिभेची हौस होतीच, पण त्यात हिशेबही होता.

त्या काळाची एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. पैसा मिळणं कठीण होतं, पण व्हिसा आजच्या मानाने सोपा होता. १९८६ पर्यंत ब्रिटनला भेटीसाठी जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसाच काढावा लागत नसे. युरोपात देशागणिक वेगळी मुक्कामाची परवानगी लागे, ती कटकट शेंगेन करारामुळे गेली. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या बोटीवर १४ जून १९८५ रोजी तो करार झाला आणि २६ मार्च १९९५ पासून सात देशांत अमलात आला. आज चित्र नेमकं उलटं झालंय. डॉलर हवे तेवढे मिळतात आणि व्हिसाची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.

हा बदल झाला तो १९९१ च्या धक्क्यानंतर. देशाची परकीय गंगाजळी एक अब्ज डॉलरच्या आसपास उतरली होती, जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती. सोनं विमानाने परदेशी पाठवून गहाण ठेवावं लागलं. बँकेतल्या आम्हा लोकांना ती बातमी घरातले दागिने मोडावे तशी लागली होती. त्यानंतर धोरणं बदलली. सहलीसाठीचा कोटा वाढत वाढत दहा हजार डॉलरपर्यंत आला. १ जून २००० रोजी 'फेरा' जाऊन 'फेमा' आला आणि परकीय चलनाची चूक हा फौजदारी गुन्हा न राहता दंडाचा विषय झाला. आपली सोसायटी साधारण त्याच काळातली, तेव्हा वयाने दोन्ही सारखेच म्हणायला हरकत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलरची मोकळीक दिली. २०१५ पासून ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. २०२३-२४ या एका वर्षात भारतीयांनी या योजनेतून केवळ प्रवासासाठी सुमारे १७ अब्ज डॉलर बाहेर नेले. १९९१ मध्ये अख्ख्या देशाच्या तिजोरीत होते त्याच्या कितीतरी पट!

आता भाड्याचं. पूर्वी आंतरराष्ट्रीय भाडी विमान कंपन्या आपल्या संघटनेत, म्हणजे 'आयाटा'त बसून ठरवत. स्पर्धा नावापुरती. हे मोडायचा पहिला मोठा प्रयत्न केला ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांनी. २६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांची 'स्कायट्रेन' लंडनहून न्यूयॉर्कला गेली, तिकीट ५९ पौंड. रांगेत उभं राहायचं, तिकीट घ्यायचं, जेवणाचे पैसे वेगळे, अगदी एसटीसारखं. १९८२ मध्ये कंपनी बुडाली, पण कल्पना राहिली. युरोपात १९९० च्या दशकात विमानसेवा खुली झाली, तशा 'ईझीजेट'सारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे स्वस्ताईची वाट आखाताकडून आली. 'एमिरेट्स' ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या मुक्कामांत कराचीबरोबर मुंबई होती. दुबईत विमान बदलून पुढे जायची सवय आपल्याला तिथूनच लागली. २००५ मध्ये 'एअर इंडिया एक्सप्रेस' निघाली ती केरळातल्या आखाती कामगारांसाठी. आपण सहलीला जाताना जी स्वस्त तिकिटं वापरतो, त्यांचा पाया या कामगारांनी घातला, हे फार कुणाच्या ध्यानात येत नाही.

या इतिहासातून मे महिन्याच्या नियोजनाला उपयोगी असं थोडं सांगतो. स्वस्त कंपनीचं भाडं म्हणजे नुसत्या आसनाचं भाडं, ही लेकरसाहेबांची पद्धत. बॅग, जेवण, जागा निवडणं यांचे पैसे मिळवूनच तुलना करावी. शाळांच्या सुट्टीत सगळेच निघतात, म्हणून तिकिटं जानेवारी-फेब्रुवारीतच बघावीत. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, तर एप्रिलपर्यंत थांबायचं कशाला? त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. टूर पॅकेजवर कंपनी टीसीएस कापते (२०२५-२६ मध्ये दहा लाखांपर्यंत तो ५ टक्के होता). ती रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळती होते. पण आपल्या पॅनवर ती दिसतेय ना, एवढं तपासावं. पेन्शनर मंडळी हे हमखास विसरतात.

उतरल्यावर फिरायचं कसं? आपल्याकडे 'पास घेतला की स्वस्त' हा समज पक्का आहे. तो १९५९ च्या युरेल पासपासून चालत आला. पूर्वी तो खराही होता, आता दरवेळी नाही. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योटो जाण्यायेण्याचं तिकीट याहून बरंच कमी आहे, त्यामुळे तेवढंच फिरणाऱ्याने पास घेऊ नये. जर्मनीत उलट आहे. तिथलं महिन्याचं तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला निघालं, २०२५ मध्ये ५८ चं झालं, तरी देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम आणि बस त्यात येतात, फक्त जलद गाड्या येत नाहीत. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना फुकट आहे. लंडनला बस आणि मेट्रोला आपलं बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, पण नवऱ्याने आणि बायकोने वेगवेगळं कार्ड वापरायचं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. बसचं भाडं एकदा दिलं की तासाभरात कितीही बस बदला.

माझ्याकडे ऐंशीच्या दशकातले काही ट्रॅव्हलर्स चेकचे रिकामे पाकीट-कव्हर, दोन जुन्या कार्बनच्या लाल विमान तिकिटांच्या प्रती (कागदी तिकिटं जून २००८ पासून बंदच झाली) आणि पाचशे डॉलरचा शिक्का असलेला आमच्या हिचा पासपोर्ट जपून ठेवलाय. मुलांना दाखवायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.