जुन्या काचेची पारख



कामगार चळवळीत जन्म घालवलेल्या माणसाने काचेच्या जुन्या भांड्यांवर व्याख्यान द्यावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. जुनी काच हा हौशी संग्राहकांचा व श्रीमंतांच्या दिवाणखान्याचा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. एखादी हंडी किंवा पेला अस्सल जुना की हल्लीची नक्कल, हे ठरवायचे तर तो कोणाच्या हातून, कोणत्या अवजाराने व कोणत्या काळात घडला, हे त्या काचेवरूनच वाचावे लागते. म्हणजे प्रश्न अखेर श्रमाच्या इतिहासाचा झाला; आणि त्या इतिहासाशी आमचा संबंध आहे.

हा विषय महाडातच का काढला, तेही सांगतो. सावित्रीच्या खाडीतून गलबते येत, त्या काळी महाड ही मोठी पेठ होती. मुंबईचा माल येथे उतरे व पोलादपुरावरून घाट चढून वर जाई. दिव्याच्या चिमण्या, हंड्या, अत्तराच्या कुप्या, औषधांच्या व सोड्याच्या बाटल्या अशा वाटांनी आपल्या घरांत आल्या. पुढे 2021 च्या जुलैत जो महापूर आला, त्याने घरेच्या घरे गाळाने भरली. गाळ उपसताना जे हाती लागले त्यातले पुष्कळसे भंगाराच्या भावाने गेले. घेणारा सांगे, 'ही साधी काच आहे'. आणि तीच वस्तू शहरातील जुन्या बाजारात मांडली की तिला 'बेल्जियम' हे नाव मिळते. उलट, काल तयार झालेली हंडीही त्याच नावाने आपल्या माथी मारली जाते. दोन्हीकडून तोटा अजाण माणसाचाच.

आता खुणा पाहू. काचेचे भांडे तोंडाने फुंकून करतात, तेव्हा फुंकनळीवरून ते उतरवण्यापूर्वी कारागीर तळाशी दुसरी लोखंडी सळई चिकटवतो आणि मग तोंडाची बाजू घडवतो. काम संपल्यावर सळई तोडली की तळाशी खरबरीत व्रण राहतो. चांगल्या मालावर तो घासून काढत, तेथे उथळ खळगा दिसतो. साच्यात केलेल्या बाटलीवर साच्याच्या सांध्याची रेघ, म्हणजे शिवण, उमटते. ती शिवण गळ्यापाशी विरली असेल तर बाटलीचे तोंड बहुधा हाताने घडवलेले असते. ओठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्स याने बाटल्या करणारे स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास सिद्ध केले. तेव्हा ओठावर शिवण असलेली बाटली कोणी दीडशे वर्षांची म्हणून विकू लागला, तर त्याला खुशाल वाटेला लावावे.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. यंत्राची वस्तू फार जुनी नसते, हे खरे. पण हाताची वस्तू जुनीच असते, हे खरे नाही. आपल्या देशात, फिरोझाबादेसारख्या ठिकाणी, आजही भट्टीपुढे उभे राहून कारागीर काच फुंकतात. त्यांच्या मालावरही तोच व्रण असतो. काचेतले बुडबुडे दाखवून वय सांगणारे विक्रेते पुष्कळ. बुडबुडा एवढेच सांगतो की रस नीट निवळला नव्हता. तो शंभर वर्षांपूर्वी निवळला नव्हता की गेल्या महिन्यात, हे तो सांगत नाही. टिचकी मारून नाद ऐकवतात, त्याचेही तसेच. इंग्लंडात जॉर्ज रेव्हनस्क्रॉफ्ट याने 1674 मध्ये शिसे घातलेल्या काचेचे पेटंट मिळवले. तिचा नाद लांबतो व ती हातास जड लागते. नादावरून शिसे असल्याचा अंदाज बांधता येतो, वयाचा नाही.

मग वय कशावरून कळते? झिजेवरून. वर्षानुवर्षे फळीवर ठेवलेल्या भांड्याचा तळ जेथे टेकतो तेवढाच झिजतो, आणि त्यावर सर्व दिशांनी बारीक चरे पडतात. नक्कल करणारा तळ खरकागदावर घासतो, तेव्हा चरे एकाच दिशेने उमटतात. कधी तर जो भाग फळीला टेकतच नाही, तोही घासलेला आढळतो. भिंग घेऊन पाहिले तर हा फरक शाळकरी मुलालाही दिसेल. जमिनीत दीर्घकाळ पुरलेल्या काचेवर इंद्रधनुष्यासारखा झळकणारा पापुद्रा येतो, तो पाण्याने धुऊन जात नाही. पुराचा गाळ मात्र धुऊन जातो. गाळ म्हणजे वय नव्हे.

रंगाविषयी एक गोष्ट. वाळूतल्या लोहामुळे काचेला हिरवट झाक येते. ती घालवण्यासाठी पूर्वी मँगनीज घालीत, आणि अशी काच बरीच वर्षे उन्हात राहिली की जांभळट होते. परंतु हा रंग आज किरणांचा मारा करून थोड्या अवधीत आणता येतो. दुकानात नोटा तपासायचा जो जांभळा दिवा असतो, त्याखाली काही हिरव्या-पिवळ्या काचा झगझगीत हिरव्या दिसतात. त्यांत युरेनियम असते. बोहेमियात 1830 नंतर अशी काच फार झाली. पण ती आजही तयार होते.

अक्षरे हा सर्वांत उपयोगी साक्षीदार. 'चेकोस्लोव्हाकिया' असा शिक्का असलेली वस्तू 1918 च्या आधीची असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला. आपल्या जिल्ह्याला 'रायगड' हे नाव 1981 मध्ये मिळाले. बाटलीवर 'जिल्हा कुलाबा' असेल तर मूळ माल बहुधा त्यापूर्वीचा, आणि 'जिल्हा रायगड' असेल तर आजोबांच्या तारुण्यातला नव्हे. पत्त्यात पिनकोड असला तर तो 1972 नंतरचा. मिलीलिटरचे माप आपल्याकडे 1956 च्या कायद्यानंतर हळूहळू रूढ झाले.

गोटी सोड्याची बाटली आपणां सर्वांच्या ओळखीची. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये तिचे पेटंट घेतले. वायूच्या दाबाने गोटी वर जाऊन रबरी कड्याला घट्ट बसते, ही त्यातली युक्ती. अलीकडे ही बाटली पुन्हा बाजारात आली आहे. ती सोड्यासाठीच केलेली, प्रामाणिक वस्तू आहे. तिला 'ब्रिटिश अमदानीतली' म्हणून विकणारा तेवढा खोटा.

नेमके हेच आम्हांला सांगायचे आहे. नक्कल करणारा कारागीर चोर नव्हे. भट्टीची धग सोसून तो पोट भरतो, आणि त्याची हंडी त्याच्या नावाने, आजची म्हणून विकली गेली तर ती घरात अवश्य लावावी. खोटेपणा काचेत नसतो, तो विकणाऱ्याच्या जिभेत असतो.

आणि या 'बेल्जियम'च्या वेडापायी आपण आपलीच काच विसरलो. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा केला. लोकमान्य टिळकांनी त्या पैसा फंडाला पाठबळ दिले. आणि त्या पैशातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशी शिकलेला तज्ज्ञ तेथे लाभला. तेथे नुसता माल निघाला नाही, काच करणारी माणसेही तयार झाली. पुढे 1916 मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला, आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील खेड्यापाड्यांत पोचला. तो कारखाना आज चालत नाही. ओगलेवाडी हे नाव राहिले आहे. माळ्यावरच्या एखाद्या कंदिलाच्या काचेवर किंवा टाकीवर हे नाव उठवलेले सापडले, तर ती वस्तू आमच्या मते कोणत्याही परदेशी पेल्याहून मोलाची आहे. ज्यांनी पैसा दिला व ज्यांनी काच फुंकली, त्या असंख्य माणसांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. त्यांची खूण एवढीच.

कामगाराच्या चौकशीत आम्ही एका साक्षीवर कधी निकाल मान्य केला नाही. काचेलाही तोच न्याय लावावा. व्रण, शिवण, झीज, रंग, अक्षरे या सर्वांची साक्ष एकमेकींशी जुळली, तरच वस्तू जुनी म्हणावी. आणि घरातील वस्तू कोणी, कोठून, केव्हा आणली, हे वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर विचारून वहीत लिहून ठेवावे. ती वही वरच्या फळीवर, पुराचे पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवावी. भंगारवाला दारात आला म्हणजे आधी ती वही काढावी, मग भाव ऐकावा.