'गुलाम' म्हणजे काय? हार्ड डिस्कवरच्या 'स्लेव्ह'पासून सालगड्यापर्यंत

जुना डेस्कटॉप तुम्ही कधी उघडला असेल, तर हार्ड डिस्कच्या मागे एक छोटा जंपर पाहिला असेल. डिस्कच्या स्टिकरवर दोन शब्द असायचे, 'मास्टर' आणि 'स्लेव्ह'. एकाच आयडीई केबलवर दोन डिस्क लावायच्या, तर एक मास्टर करायची आणि दुसरी स्लेव्ह. गंमत म्हणजे यातली मास्टर डिस्क स्लेव्हवर हुकूम चालवत नसे. दोन्हींना आपापला कंट्रोलर होता. साटा केबल आली, एका केबलवर एकच डिस्क आली आणि जंपर गेला. शब्द मात्र डेटाबेस आणि सर्व्हरमध्ये बरीच वर्षं राहिला.

मराठीत आपण याला सरळ 'गुलाम' म्हणतो. हा शब्द आला कुठून, टेक्नॉलॉजीने तो का सोडला आणि आपल्या नांदेड-लातूर भागाशी त्याचा काय संबंध, ते आज पाहू.

गुलाम कोणाला म्हणायचं?

राष्ट्रसंघाच्या 1926 च्या करारातली व्याख्या आजही वापरली जाते. ज्या माणसावर दुसरा कोणी मालकीहक्काचे सगळे किंवा काही अधिकार गाजवतो, तो गुलाम. सोप्या भाषेत सांगायचं तर नोकर काम सोडून जाऊ शकतो, गुलाम जाऊ शकत नाही. पगार किती, जेवण मिळतं का, मालक स्वभावाने कसा आहे, हे सगळं नंतर येतं.

'गुलाम' हा शब्द कुठून आला?

मूळ शब्द अरबी. त्याचा पहिला अर्थ 'मुलगा, तरुण पोरगा'. घरात काम करणारा पोरगा, मग नोकर, मग विकत घेतलेला माणूस, असा अर्थ सरकत गेला. फारसीतून तो मराठीत आला. पत्त्यांत राजा-राणीच्या खाली गुलाम असतो आणि 'गुलामचोर' हा खेळ तर घरोघरी खेळला जातो. त्याच पत्त्याला इंग्रजीत आधी 'नेव्ह' म्हणत. त्याचाही मूळ अर्थ 'मुलगा' असाच होता.

इंग्रजी 'स्लेव्ह'ची गोष्ट वेगळी आहे. मध्ययुगात युरोपात स्लाव्ह लोकांना एवढ्या मोठ्या संख्येने पकडून विकलं गेलं, की त्या समाजाचं नावच 'गुलाम' या अर्थाचा शब्द बनलं.

दास, बंदा, बटीक

संस्कृतातून आलेला 'दास' आपल्याकडे भक्तीच्या नावांत दिसतो. 'बंदा' हा फारसी शब्द आहे. 'बंध' आणि 'बांधणे' यांचं मूळ तेच, म्हणजे बंदा हा बांधलेला माणूस. नांदेडकरांना हा शब्द नवा नाही. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले, तेव्हा गोदाकाठी माधोदास नावाचे बैरागी राहत होते. 'मी आपला बंदा' असं म्हणून ते गुरूंना शरण गेले, अशी परंपरा आहे. पुढे ते बंदासिंग बहादूर म्हणून ओळखले गेले. नांदेडचा बंदाघाट गुरुद्वारा त्यांच्याच नावाचा. 'दास' जाऊन 'बंदा' आला, अर्थ जवळपास तोच राहिला. पण हे बंधन त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. 'गुलाम रसूल' या नावातही तोच भाव आहे.

ज्यांना निवड नव्हती, त्यांच्यासाठी वेगळे शब्द होते. पेशवेकाळच्या कागदपत्रांत खरेदी-विक्री होणाऱ्या बायकांना 'कुणबीण' किंवा 'बटीक' म्हटलं आहे. कुणबीण म्हणजे खरं तर शेतकरी समाजातली बाई. शब्द साधा, पण त्याआड बाजार होता. आज 'सत्तेची बटीक' असं आपण सहज म्हणतो, पण मागची बाई कोणाला आठवत नाही.

1873 मध्ये महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं. काळ्या लोकांची गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. अमेरिकेतली गुलामी आणि आपल्याकडची जातीची सक्ती त्यांनी एकाच शब्दाखाली आणली.

टेक्नॉलॉजीने शब्द का बदलला?

2014 मध्ये जँगोने 'मास्टर-स्लेव्ह' सोडून 'प्रायमरी-रेप्लिका' घेतलं. 2020 मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध मोठं आंदोलन झालं आणि बदलाला वेग आला. लिनक्स कर्नलने त्या वर्षी नव्या कोडसाठी पर्यायी शब्द ठरवले. गिटहबने 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपोच्या मुख्य ब्रँचचं नाव 'मेन' केलं. त्याच महिन्यात आलेल्या मायएसक्यूएल 8.0.22 मध्ये 'स्टार्ट स्लेव्ह'च्या जागी 'स्टार्ट रेप्लिका' ही कमांड आली.

यात एक तांत्रिक फायदाही झाला. 'रेप्लिका' म्हटल्यावर तो सर्व्हर डेटाची प्रत ठेवतो, हे लगेच कळतं. 'स्लेव्ह'मधून ते कळत नव्हतं.

रोबोट, वेठ आणि सालगडी

एक शब्द मात्र कोणी बदलला नाही, तो म्हणजे 'रोबोट'. कारेल चापेक यांच्या 1920 च्या नाटकातून तो जगभर गेला. त्यामागचा चेक शब्द 'रोबोता', म्हणजे सक्तीची फुकट मजुरी. आपल्या भाषेत वेठ. 'वेठबिगार' या जोडशब्दात संस्कृत 'विष्टी'पासून आलेली वेठ आहे आणि फारसी 'बेगार'ही आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. नांदेड-लातूरकडे सालगडी साधारण गुढीपाडव्याला ठरतो आणि वर्षभरासाठी असतो. आधी उचल घेतो, मग ती कामातून फेडतो. 'गडी' हा शब्द आपुलकीचा, खेळातल्या सोबत्यालाही आपण गडीच म्हणतो. सालगडी असणं म्हणजे गुलामी नव्हे. पण उचल फिटेना, म्हणून माणसाला दुसरीकडे कामाला जाता येईना, तर कायद्याच्या नजरेत ती वेठबिगारी आहे.

संविधानाचं कलम 23 वेठबिगारीला मनाई करतं. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द केली. जबरदस्ती करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सुटकेची आणि अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. करारात 'गडी' लिहिलंय की 'कामगार', याने काही फरक पडत नाही. माणूस सोडून जाऊ शकतो का, हे पाहायचं.

लक्षात काय ठेवायचं?

मराठीत सॉफ्टवेअरविषयी लिहिताना किंवा शिकवताना 'स्लेव्ह'चं भाषांतर 'गुलाम' करू नका. ती वस्तू काय काम करते ते सांगा: मुख्य सर्व्हर आणि प्रत, किंवा नियंत्रक आणि उपकरण. जुन्या मॅन्युअलमध्ये 'स्लेव्ह' दिसला, तर त्याचा अर्थ माहीत असू द्या.

मशीनसाठी हा शब्द वापरायची गरज नाही. माणसाच्या बाबतीत मात्र उलटं आहे. जिथे उचलीपायी कोणी अडकून पडलाय, तिथे 'गडी' म्हणून विषय टाळू नका. तिथे वेठबिगार हाच शब्द वापरा, कारण कायद्याची मदत त्याच शब्दाने मिळते.