पोथीने दिलेली मुभा

कोठी आणि मोअज्जमजाही मार्केट यांच्या दरम्यानची जामबाग ही हैदराबादची फुलबाजारासाठी ख्यात पेठ; परंतु ज्या संस्थानात कचेरी आणि अदालत, व पुढे उच्च शिक्षणाचीही जबान उर्दू होती, तेथे केशवराव कोरटकर आदी मंडळींच्या पुढाकाराने १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी पाठशाळा जिथे नांदली, ती पेठ म्हणून मराठी माणसाला तिचा जिव्हाळा अधिक. शृंगार आणि अतींद्रिय सामर्थ्य एकाच कथेत गुंफलेले पाहून प्रेक्षक कोणता अभिप्राय देतो, या प्रश्नाकडे मी याच पेठेतून पाहतो; कारण तसल्या कथेची ओळख मराठी घराला चित्रपटाच्या पुष्कळ आधी पोथीने करून दिली होती.

धुंडिसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, पुरा केलेला चाळीस अध्यायांचा ‘नवनाथभक्तिसार’ श्रावणात ज्या घरांतून वाचला जाई, तेथील लेकीसुनांना आणि पोरासोरांना स्त्रीराज्यात रमलेला मच्छिंद्र, तेथील राणी आणि गुरूला सोडवावयास वेष पालटून निघालेला गोरख हे सर्व तोंडपाठ असे. मच्छिंद्रनाथांची समाधी ज्या सावरगावी सांगतात, तो बीडचा प्रांत त्या काळी निजामाच्याच मुलखात मोडत असल्यामुळे, संस्थानातल्या मराठी श्रोत्याला ही कथा परक्या देशीची वाटण्याचे कारण नव्हते. योगसिद्धी आणि कामासक्ती यांचा हा झगडा देवघरासमोर, निरांजनाच्या उजेडात ऐकला जाई, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

कोल्हापूरच्या प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी १९३२ मध्ये हीच कथा ‘मायामच्छिंद्र’ या नावाने मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत पडद्यावर आणली. गोविंदराव टेंबे मच्छिंद्र झाले, मास्टर विनायक गोरख झाले, आणि शेजारी चित्ता बाळगणारी पुरुषद्वेष्टी राणी दुर्गा खोटे यांनी उभी केली. शिष्याला जगाचे मायारूप उमगावे म्हणून गुरूनेच हा सारा विलास रचला होता, असा त्या कथेचा उलगडा. आदल्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या ‘स्वेंगाली’त संमोहनविद्येचा स्वामी एका तरुणीला आपल्या इच्छेची बटीक करतो, आणि प्रेक्षकाचे भय त्या स्त्रीच्या परवशतेतून उपजते; आपल्या कथेत मात्र मोहात पडलेला दिसतो तो सामर्थ्यवानच, म्हणून येथील शृंगारात भयापेक्षा हुरहूर अधिक, असे मला वाटते.

पण त्याच काळातील प्रेक्षक सर्वत्र इतका क्षमाशील नव्हता, आणि या दुजाभावाचे मूळ शोधल्याशिवाय त्याचा स्वभाव कळावयाचा नाही. हैदराबादेत निजामाच्या कलाशाळेचे मुख्याध्यापक राहिलेले धीरेन्द्रनाथ गांगुली यांनी याच शहरात लोटस फिल्म कंपनी काढली होती; पुढे १९२४ मध्ये त्यांनी आपल्या चित्रगृहात ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखविला, त्यात मुसलमान राणीचे हिंदू प्रजाजनावरील प्रेम आढळले, आणि सरकारी हुकमाने गांगुलींना शहर सोडावे लागले. तो शृंगार काही विशेष उत्तान होता म्हणून हे घडले असे मी मानीत नाही. रझिया ही इतिहासातील सुलताना होती, तिच्या प्रेमाला धर्म आणि तख्त यांचा स्पर्श होता, आणि त्याला आधार देणारी पोथी कुणाच्याही देवघरात नव्हती.

दुर्गाबाईंनाही हाच अनुभव निराळ्या बाजूने आला. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांची भूमिका अवघ्या काही मिनिटांची, तरीही प्रतिष्ठित घराण्यातील सून चित्रपटात दिसली म्हणून जो गहजब झाला, तो त्या चित्राच्या आशयावर कमी आणि त्यांच्या कुळावर अधिक होता, आणि एका कर्तृत्ववान स्त्रीला तो सोसावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते. शांताराम यांनी मात्र त्यांना निवडले ते पुराणातील तारामती म्हणून. तिची कथा सांगणारा ‘अयोध्येचा राजा’ही १९३२ सालचाच. ज्यांनी तारामतीच्या हालांना डोळे पुसले, त्या प्रेक्षकांपुढे त्याच वर्षी त्याच दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या सिंहासनावर चित्त्याच्या मानेवरून हात फिरवीत बसल्या होत्या.