तिसरा साचा

गिरणी कामगार यंत्राच्या विरोधात होता, असं आजही लोक ठामपणे सांगतात. मी परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, लाइन जॉबर होतो. साचे लावायचे, बिघडले की दुरुस्त करायचे आणि आपल्या लाइनीतल्या साचेवाल्यांचं काम चालू ठेवायचं, ही माझी नोकरी. यंत्राचा राग धरणारा साचेवाला मला तिथे भेटला नाही. खंडेनवमीला ही माणसं साचा पुसून लखलखीत करायची, झेंडूचा हार घालायची, नारळ फोडायची. म्हणून 1928 च्या मुंबईतल्या गिरणी संपाला कुणी यंत्रविरोधी म्हटलं की मला राहवत नाही. त्या संपात भांडण कशावरून होतं ते नीट सांगायला हवं, आणि ते साच्यापासूनच सांगायला हवं.

तेव्हा मुंबईत बहुतेक ठिकाणी लँकेशायरचे साचे होते. दोन साचे समोरासमोर, मध्ये अरुंद गल्ली आणि त्या गल्लीत साचेवाला उभा. आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे जाणार. त्यातली सुताची कांडी काही मिनिटांत रिकामी होते. मग साचा थांबवायचा, धोट्यात नवी कांडी बसवायची, तिच्यावरच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकाशी आणून तोंडाने ओढून घ्यायचं आणि साचा पुन्हा चालू करायचा. तेवढ्यात मागचा साचा थांबलेला असतो. ताण्याचं, म्हणजे उभं सूत तुटलं तर गोष्ट आणखी अवघड, कारण हा साचा आपणहून थांबत नाही. साचेवाल्याच्या नजरेला तुटलेला धागा दिसला नाही, तर कापडात रेघ पडत जाते. बिघडलेलं कापड साचेवाल्याच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापायची, असा त्या वेळी रिवाज होता.

आता याच माणसाला तिसरा साचा द्या. गल्लीतल्या दोन साच्यांवर नजर ठेवायला मान वळवली की पुरतं. तिसरा गल्लीबाहेर. त्याच्याकडे जायचं म्हणजे या दोघांकडे पाठ करायची.

1928 च्या सुरुवातीला सासून समूहाच्या गिरण्यांत नेमकं हेच सुरू झालं होतं. मुंबईतला हा तेव्हाचा सगळ्यांत मोठा गिरणी समूह. विणाईत दोनऐवजी तीन साचे आणि कताईत साइडरला, म्हणजे कताईयंत्राची बाजू सांभाळणाऱ्याला, एका बाजूऐवजी दोन बाजू. मालकांकडे कारणं होती आणि ती खोटी नव्हती. जपानी कापड बाजारात स्वस्त विकलं जात होतं. 1925 मध्ये साडेअकरा टक्के पगारकपात करून पाहिली, तर मोठा संप झाला आणि सरकारने कापडावरची अबकारी जकात उठवल्यावर ती कपात मागे घ्यावी लागली. पुढे सर फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखालच्या टॅरिफ बोर्डाने गिरण्यांनी आपली कार्यक्षमता वाढवावी असं सांगितलं. मालकांचा मुद्दा असा, की लँकेशायरमधला विणकर चार साचे चालवतो, मग मुंबईचा दोनच का?

या प्रश्नाचं उत्तर कामगारांनी दिलं, आणि माझ्या मते ते उत्तम उत्तर होतं. तो विणकर चार साचे चालवतो, पण कुठल्या सुतावर? मुंबईत खर्च वाचवायला आखूड धाग्याचा कापूस मिसळायचे आणि त्यातून झेपणार नाही इतकं बारीक सूत काढायचे. असलं सूत साच्यावर चढलं की तटातट तुटतं. मी स्वतः अशा सुतावर काम केलं आहे. चांगल्या सुतावर दिवसभर गात काम करणारा माणूस वाईट सुतावर दोन तासांत रडकुंडीला येतो. हवा कोरडी झाली की तुटणं आणखी वाढतं, म्हणून खात्यात वाफ सोडतात, आणि त्या दमट उकाड्यात माणूस उभ्या उभ्या निथळतो. मालक साच्यांची संख्या मोजत होते, कामगार सांगत होते की तुटणारे धागे मोजा. शंभर वर्षांनंतरही मला कामगारांचं मोजमाप जास्त शास्त्रीय वाटतं.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. साठ साच्यांच्या खात्यात दोन-दोन साच्यांनी तीस माणसं लागतात, तीन-तीनने वीस. दहा जण घरी. उरलेल्या वीस जणांच्या हातात थोडे जास्त पैसे पडतील, हे मालक सांगत. पण काम दीडपट आणि पैसे दीडपट नाहीत, मग मधली रक्कम कुणाच्या खिशात गेली? आणि त्या दहा जणांनी कुठे जायचं?

एप्रिलच्या मध्याला काही गिरण्यांत काम थांबलं आणि महिना संपेपर्यंत जवळजवळ सगळ्या मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या. सुमारे दीड लाख माणसं बाहेर होती. ना. म. जोशींसारखे मवाळ पुढारी आणि डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे कम्युनिस्ट एका संप समितीत बसले, त्यांनी सतरा मागण्या तयार केल्या. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन निघाली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत राबलेले. वर्ष संपता संपता या युनियनचे 54,000 सभासद झाले होते. हिंदुस्थानात तोवर एवढी मोठी कामगार संघटना कुणी पाहिली नव्हती.

सहा महिने पगाराशिवाय माणसं कशी टिकली? आमचे आजोबा राजापूरकडचे. ते सांगायचे की पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत निम्मी चाळ जैतापूरला उतरली होती. गावी पेरणीला, लावणीला हात हवेच होते. नाचणी होती, भात होतं, सावकारही होता. मुंबईत राहिलेल्यांना वाण्याची उधारी आणि युनियनचं धान्य. मालकांना वाटलं होतं ही माणसं भुकेने परत येतील; कोकणातली ती अर्धा-पाऊण एकर जमीन त्यांनी हिशेबात धरली नव्हती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तडजोड झाली, कामगार परतले आणि मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीपुढे चौकशी सुरू झाली. त्या समितीसमोर मजुरीचे दर, सुताची जात, साच्यांची संख्या, सगळं बारकाईने मांडलं गेलं. एवढ्या महिन्यांत गिरण्यांतली यंत्रं फोडण्याची मोहीम कुणी काढली नाही. यंत्रं फोडण्याबद्दल ज्यांचं नाव घेतात त्या 1811 च्या नॉटिंगहॅमच्या मोजे विणणाऱ्या कामगारांनीसुद्धा सरसकट मोडतोड केली नव्हती. कमी मजुरी देणाऱ्या आणि निकृष्ट मोजे काढणाऱ्या मालकांचीच यंत्रं त्यांनी वेचून फोडली होती.

या संपाचा मला अभिमान आहे, म्हणूनच त्यातली लाजिरवाणी बाजू टाळता येत नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो हे वर सांगितलं. त्या एका कृतीच्या आधारावर अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात येऊ दिलं जात नव्हतं. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागतं, तेव्हा विटाळ होतो म्हणे. जास्त पगाराचं काम सवर्णांकडे आणि महार, चांभार कामगार कमी पगाराच्या कताई खात्यात. ही बंदी मालकांनी नव्हे, शेजारच्या साचेवाल्यांनी लादली होती. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की ही बंदी उठवण्याची मागणी यादीत घ्या, नाहीतर माझ्या लोकांना संपात राहा म्हणून मी सांगणार नाही. मागणी नाखुशीने यादीत गेली. साचेखात्याचं दार काही उघडलं नाही. पुढच्या वर्षीच्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, त्याचं मूळ शोधताना हा धोटा विसरून चालणार नाही.

आणि इथे यंत्राची गोष्ट निराळी होते. अमेरिकेत तोपर्यंत नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित साचा येऊन तीस वर्षं झाली होती. त्याच्या धोट्यात कांडी आपोआप बदलते आणि धागाही आपोआप ओवला जातो. तोंड लावायचं कारणच उरत नाही. एका माणसाच्या हाती असे साचे दोन-तीन नव्हे, पुष्कळ येतात, म्हणजे साचेवाल्यांची संख्या भराभर घटते. कताई खात्यातल्या महार तरुणाला हा साचा पाहून काय वाटलं असतं, आणि शेजारच्या मराठा साचेवाल्याला काय वाटलं असतं? कामगारांचं यंत्राविषयीचं मत म्हणून एकच मत सांगणारी पुस्तकं मला या कारणाने अपुरी वाटतात.

मार्च 1929 मध्ये फॉसेट समितीचा अहवाल आला. त्याच महिन्याच्या 20 तारखेला डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, आळवे यांना पकडून मेरठच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यात अडकवलं. एप्रिलमध्ये दुसरा संप झाला आणि तो फसला. लँकेशायरमध्ये 1931 साली बर्नलीच्या विणकरांना चाराऐवजी आठ साचे घ्यायला सांगितलं गेलं, तेव्हा तेही रस्त्यावर उतरले. मुंबईला ज्यांचं उदाहरण दिलं जात होतं तेच हे विणकर.

या गोष्टीत बायका अजून आल्याच नाहीत. आमच्या आजी वायंडिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात, होत्या. विसाच्या दशकात गिरण्यांत पाचेकांत एक बाई असायची, आणि बहुतेक जणी वायंडिंग, रिलिंगमध्ये, नायकिणीच्या, म्हणजे बाई जॉबरच्या, हाताखाली. 1929 च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मिळाला, रात्रपाळी त्यांना बंदच होती. पुढे गिरण्या पाळ्या वाढवू लागल्या आणि वेगाने सूत भरणारी यंत्रं आली, तेव्हा मालकांना बाई महाग वाटू लागली. एक बाई निवृत्त झाली की तिची जागा भरायची नाही, एवढंच केलं गेलं. तीन साच्यांच्या विरोधात दीड लाख माणसं सहा महिने घरी बसली होती. वायंडिंगच्या जागा एकेक करून गेल्या, तेव्हा तसा एकही संप झाला नाही. आजींच्या सोबतीणींपैकी कुणी पुढे खानावळ चालवली, कुणी लालबागला भाजी विकली.