शकुंतला रेल्वे : खर्च व कार्यव्यवस्था

शकुंतला रेल्वे : वऱ्हाडातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अरुंदमापी लोहमार्ग (रुळांतील अंतर ७६२ मिमी.). लांबी सुमारे १९० किमी.; पैकी मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ व मूर्तिजापूर–अचलपूर ७७ किमी. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, मुंबई–नागपूर रुंदमापी मार्गावर. अचलपूर अमरावती जिल्ह्यात. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. ‘शकुंतला’ हे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. एका मोठ्या रेल्वे-यंत्रणेने कमीत कमी माणसे व साहित्य यांवर शाखामार्ग कसा चालवला, याचे हे वऱ्हाडातील ठळक उदाहरण होय.

कंपनी व करार : मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनी (स्थापना १८५७) या पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) जोडला गेला होता, म्हणून कंपनीच्या नावात वऱ्हाड नाही. सुरत–अमळनेर या तापी व्हॅली रेल्वेचा कारभारही याच पेढीकडे होता. एकाच कचेरीतून अनेक रेल्वे-कंपन्यांचे कामकाज पाहिले की वरकड खर्च वाटला जातो, हा या पद्धतीचा पाया. शिवाय गाड्या चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेकडे सोपवले होते. उत्पन्नाची चालवणारा व मालक यांच्यात ठराविक वाटणी होई. १९५१ मध्ये जीआयपी नव्या मध्य रेल्वेत सामील झाली, पण या मार्गाची मालकी खाजगीच राहिली. मात्र या मार्गाचा ‘ब्रिटिशांची रेल्वे’ असा उल्लेख जपून करावा, कारण किलिक-निक्सनची मालकी स्वातंत्र्यानंतर भारतीयांकडे आली.

बांधणीतील बचत : मार्ग मुख्यतः कापसासाठी घातला गेला. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर बैलगाडी रुतत असे. कापूस वजनाला हलका, पण जागा फार खातो. त्यामुळे जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबलेल्या गाठीच वाहतुकीला परवडत. जुन्या हिशेबात एक गाठ ३९२ रत्तलांची धरत. अरुंद मापामुळे भराव कमी, रूळ हलके, पूल लहान आणि वळणे आखूड चालतात. मात्र मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवून रुंदमापी डब्यात चढवावी लागे. बांधकामातील बचतीचा एक हिस्सा असा हमालांच्या पाठीवर आला. खर्चाच्या चर्चेत हे सहसा सुटते.

इंजिन व कर्मचारी : मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनलेले झेड-डी जातीचे वाफेचे इंजिन (‘झेड’ हे या मापाचे वर्गाक्षर) १९२३ पासून ७० हून अधिक वर्षे चालले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. वाफेचे इंजिन म्हणजे कोळसा, पाण्याचे थांबे, भट्टीवरची माणसे आणि गाडी निघण्याच्या कितीतरी आधीपासूनची तयारी. डिझेलमुळे हा सगळा व्याप संपला. अखेरच्या दशकांतील वृत्तांतांत सात जणांचा ताफा आढळतो. गार्डच तिकिटे विकी. सिग्नल पाहणे, इंजिन सोडणे-जोडणे ही कामेही याच माणसांत वाटलेली. अन्यत्र मोठ्या आस्थापना जे बहुकौशल्य म्हणून नव्याने शिकवतात, ते येथे रोजच्या गरजेतून आले होते आणि या कर्मचाऱ्यांचे श्रेय त्यांच्या नावे नोंदले जायला हवे होते.

काटकसरीची मर्यादा : काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; त्यावरील रुळांची पातळी सतत सावरावी लागते, खडी भरावी लागते. या देखभालीचाच खर्च वर्षानुवर्षे मागे पडला. मार्ग एकाचा, गाडी दुसऱ्याची. अशा वाटणीत नव्या रुळांवर पैसा घालणे कोणालाच फायद्याचे नव्हते. रूळ खचत गेले तसा वेग उतरला, वेग उतरला तसे घाईचे प्रवासी एसटीकडे वळले आणि घटलेले उत्पन्न पुढच्या कपातीचे कारण ठरले. ज्यांना एसटीचे भाडे जड जाई, असे दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा भागातील शेतमजूर व किरकोळ विक्रेते मात्र गाडी धरून राहिले. प्रवासी गाडीचा खरा उपयोग त्यांना होता. जमाखर्चात तो मोजला गेला नाही.

पुलगाव–आर्वी मार्ग : वर्धा जिल्ह्यातील हा ३५ किमी.चा मार्गही सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचाच.

रूपांतर : २०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग रुंदमापी करण्यासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. अरुंदमापी सेवा त्या दशकात टप्प्याटप्प्याने थांबली.