कूफ्याच्या मशिदींतील चौकशी

हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या इन्साफाच्या गोष्टी आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. रात्री मदिन्याच्या गल्ल्यांतून फिरणारा खलिफा, उपाशी मुलांसाठी पाठीवर पिठाचे पोते वाहणारा खलिफा. जलशात वक्ते हे किस्से रंगवून सांगतात, श्रोते 'सुबहानल्लाह' म्हणतात आणि घरी जातात. एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मोठ्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार आली तर ती तपासायची कशी, याची एक रीत त्या काळात घडत गेली. माणसाची नेकी त्याच्याबरोबर कबरीत जाते, रीत मागे राहते आणि पुढच्यांना ती उचलता येते. म्हणून आम्हाला त्या रीतीविषयीच लिहायचे आहे.

हजरत उमर यांच्या दहा वर्षांच्या खिलाफतीत इराक, सीरिया आणि मिसर इस्लामी राज्यात आले. मदिन्यापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर असलेल्या या मुलखांवर आमिल, म्हणजे सुभेदार नेमावे लागले. सैन्य, खजिना, न्याय आणि जुम्याची नमाज हे सारे एकाच माणसाच्या हाती असे. त्याने जुलूम केला तर प्रजेने कोणाकडे जावे? यासाठी काही बंदोबस्त केलेला दिसतो. नेमणुकीच्या वेळी आमिलाच्या मालमत्तेची नोंद होई. हजच्या वेळी आमिलांना बोलावले जाई आणि ज्याची तक्रार असेल त्याला सर्वांसमोर उभे राहून बोलता येई. शिवाय तक्रारींच्या तपासासाठी हजरत मुहम्मद बिन मसलमा (रजि.) यांच्यासारखा माणूस होता. ते मदिन्याचे अन्सारी, औस कबिल्याचे, बद्रच्या लढाईत लढलेले. शिबली नोमानींच्या 'अल-फारूक'मध्येही त्यांच्या या कामाचा उल्लेख आहे.

या बंदोबस्ताची खरी कसोटी कूफ्यात लागली. कूफ्याचे आमिल होते हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.). हे नाव ऐकून कोणाचीही मान अदबीने खाली झुकावी. हयातीतच जन्नतची खुशखबर मिळालेल्या दहा सहाब्यांपैकी ते एक. कादिसियाच्या मैदानात इराणची ताकद मोडणारे सेनापती. कूफा हे शहरच त्यांच्या कारकिर्दीत सन 17 हिजरीच्या (इ.स. 638) सुमारास वसले. अशा माणसाविरुद्ध त्याच शहरातले काही लोक मदिन्याला तक्रार घेऊन गेले.

तबरीच्या इतिहासातील रिवायतीनुसार या लोकांचा म्होरक्या जर्राह बिन सिनान असदी हा होता. तक्रार आली ती वेळ फारच वाईट होती. निहावंदकडे इराणी फौजा गोळा होत होत्या (इ.स. 642 च्या सुमारास) आणि मुसलमानांची जमवाजमव चालू होती. अशा वेळी सेनापतीविरुद्ध तक्रार करणाऱ्याला आपण काय म्हणतो? फितूर म्हणतो, कौमचा दुश्मन म्हणतो. हजरत उमर यांनाही हेतूचा संशय आलाच. अशी वेळ साधून तुम्ही आलात, हाच तुमच्या मनातील खोटेपणाचा पुरावा आहे, असे त्यांनी त्या लोकांना तोंडावर सुनावले. पण पुढे जे सांगितले ते महत्त्वाचे. म्हणून काही मी तुमच्या तक्रारीचा तपास करायचे थांबणार नाही, असेही ते म्हणाले. तक्रार करणाऱ्याचा हेतू हा एक प्रश्न आणि तक्रार खरी की खोटी हा दुसरा प्रश्न. या दोन प्रश्नांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

सहीह बुखारीत हाच प्रसंग हजरत जाबिर बिन समुरा (रजि.) यांच्या रिवायतीने आला आहे. तक्रारींची मजल इथपर्यंत गेली होती की साद यांना नमाजही नीट पढवता येत नाही, असे लोक म्हणू लागले. हजरत उमर यांनी साद यांना पदावरून दूर केले, अम्मार बिन यासिर (रजि.) यांना नेमले आणि साद यांना बोलावून घेतले. विचारताना त्यांच्या कुनियतीने, 'अबू इसहाक' अशी आदराने हाक मारली. साद म्हणाले, रसूलुल्लाह (स.) यांच्या पद्धतीनेच मी नमाज पढवतो, पहिल्या दोन रकाती लांबवतो आणि नंतरच्या दोन आखूड करतो. हजरत उमर म्हणाले, तुमच्याविषयी माझाही हाच गुमान आहे.

येथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. खलिफाची खात्री पटली होती. आरोपी हा रसूलुल्लाहचा सहाबी, आणि फिर्यादीच्या हेतूबद्दल शंका. तरीही खलिफाने आपल्या गुमानाला निकाल मानले नाही. साद यांच्यासोबत माणूस देऊन कूफ्याला चौकशी पाठवली. तबरीच्या रिवायतीत हा माणूस म्हणजे मुहम्मद बिन मसलमा. बुखारीत पदावरून दूर करणे आधी आणि चौकशी नंतर, तर तबरीकडे चौकशी आधी असा क्रमाचा फरक आहे. चौकशी कशी झाली याबाबत मात्र दोन्हींचे चित्र एकमेकांशी जुळते.

त्यांनी कूफ्याची एकही मशीद सोडली नाही. प्रत्येक मशिदीत जाऊन साद यांच्याविषयी लोकांना विचारले. तबरीकडे असा स्पष्ट उल्लेख आहे की ही विचारपूस गुपचूप केली नाही, कारण गुप्त चौकशीची त्या काळी रीत नव्हती. साद स्वतः सोबत होते. ज्याने काल हुकूम दिला तो आज त्याच लोकांपुढे उभा राहून स्वतःविषयी काय बोलले जाते ते ऐकत होता. बहुतेक ठिकाणी लोकांनी भलेच सांगितले. जर्राहच्या बाजूचे लोक तेवढे गप्प राहिले. त्यांनी वाईट सांगितले नाही आणि तारीफही केली नाही.

मग ते बनू अब्सच्या मशिदीत आले. तेथे उसामा बिन कतादा नावाचा माणूस उठला. शपथ घालून विचारताच आहात तर सांगतो, असे म्हणून त्याने तीन आरोप केले. साद लष्कराबरोबर जात नाहीत, माल वाटताना बरोबरी राखत नाहीत आणि निवाड्यात इन्साफ करत नाहीत. हे तिन्ही आरोप सुभेदाराच्या कामाबद्दलचे आहेत. नेतृत्व, खजिना आणि न्याय या आमिलाच्या तीनही जबाबदाऱ्या त्यात आल्या.

साद यांना हे फार लागले. कादिसियाच्या विजेत्याला लढाईला जात नाही असे भर मशिदीत म्हटले गेले होते. पण त्यांनी तलवारीला हात घातला नाही की त्या माणसाला धरायला शिपाई पाठवले नाहीत. त्यांनी दुआसाठी हात उचलले. हा माणूस खोटा असेल आणि केवळ दिखाव्यासाठी उठला असेल तर त्याचे आयुष्य वाढो, त्याची गरिबी वाढो आणि तो फितन्यांत सापडो. पुढे म्हातारपणी त्या माणसाची दुर्दशा झाली आणि तो स्वतःच म्हणे की मला साद यांची बददुआ लागली, असे रिवायतीत आहे. आपले वक्ते हा किस्सा सांगतात तेव्हा बहुधा या शेवटावर भर देतात. आमचे लक्ष मात्र त्या आधीच्या क्षणाकडे जाते. त्या दुआतही 'खोटा असेल तर' ही अट आहे. ज्याचे नाव मशिदीत सर्वांनी ऐकले, त्या उसामाला शासनाने काही शिक्षा केल्याचे या रिवायतीत नाही.

चौकशीत साद यांच्यावर दोष आला नाही. मग त्यांना पदावरून का दूर केले? याचे उत्तर सन 23 हिजरीत (इ.स. 644) मिळते. जखमी होऊन मृत्युशय्येवर पडलेल्या हजरत उमर यांनी पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची शूरा नेमली. त्यात साद यांचे नाव होते. खिलाफत साद यांना मिळाली तर ठीकच, नाही तर जो कोणी खलिफा होईल त्याने त्यांची मदत घ्यावी, मी त्यांना नालायकीमुळे किंवा खियानतीमुळे काढले नव्हते, असे त्यांनी सर्वांसमोर सांगून ठेवले. पदावरून दूर करणे म्हणजे दोषी ठरवणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी साद यांना पुन्हा काही काळ कूफ्याला पाठवले.

प्रत्येक चौकशीचा शेवट असा पूर्ण स्वच्छ होत नाही. बसऱ्याचे आमिल हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याविरुद्ध जब्बा बिन मिहसन याने तक्रार केली, ती तबरीने नोंदवली आहे. इराणी सरदारांची साठ मुले त्यांनी स्वतःसाठी निवडून घेतली, धान्य मोजायची दोन मापे ठेवली, अकीला नावाच्या दासीला इतरांपेक्षा जास्त अन्न मिळते, कारभार जियादच्या हाती दिला आणि हुतैया या शायराला हजार दिले, असे मुद्दे होते. तक्रार लिहून घेतली गेली. मग दोघांना समोरासमोर बसवून ती वाचायला लावली आणि एकेका मुद्द्यावर जबाब घेतला. मुलांच्या मुक्ततेचा पैसा लोकांत वाटला, एक माप घरचे आणि दुसरे लोकांच्या शिध्याचे, जियाद हुशार आहे, शायराने निंदा करू नये म्हणून आपल्या खिशातून पैसे दिले, असे अबू मूसा यांनी सांगितले. अकीलाच्या मुद्द्यावर मात्र ते गप्प राहिले. हजरत उमर यांनी त्यांना पदावर परत पाठवले, पण जियाद आणि अकीला यांना मदिन्याला बोलावून घेतले. जब्बाविषयी म्हणाले की रागाच्या भरात त्याने खऱ्यात खोटे मिसळले आणि त्या खोट्याने त्याचे खरेही बिघडवले. कान उपटले ते दोघांचेही.

या रिवायती डोळे झाकून घ्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. तबरीचा इंतकाल सन 310 हिजरीचा (इ.स. 923), म्हणजे घटनांनंतर पावणेतीनशे वर्षांनी. त्याने घेतलेल्या सैफ बिन उमर या रावीवर मुहद्दिसांनी कडक टीका केली आहे. म्हणून बुखारीची रिवायत आणि इतिहासाची रिवायत एकाच तराजूत तोलता येत नाहीत. तरीही अशा चौकश्या मुसलमानांनी लपवल्या नाहीत. बुजुर्ग सहाब्यांविरुद्धचे आरोप त्यांनी नावानिशी लिहून ठेवले, आणि यात बुजुर्गांची बेअदबी होते असे त्या लिहिणाऱ्यांना वाटले नाही.

आज आपल्याकडे काय आहे? अंजुमने, ट्रस्ट, मदरसे, मशिदींच्या कमिट्या आणि उर्दू शाळा या आपल्या संस्था आहेत. शिक्षकाविरुद्ध आरोप झाला तर महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठी 1981 च्या नियमावलीत तीन सदस्यांची चौकशी समिती ठरवून दिली आहे, आणि त्यातील एक सदस्य त्या शिक्षकाने सुचवलेला असतो. नियम चांगला आहे. पण आरोप संस्थेच्या सदरसाहेबांवर असेल तर? शिपाई, शिक्षिका, मुअज्जिन, इमामसाहेब हे कोणाकडे जातील? कौमची बदनामी होईल, दुश्मनांना हसायला मिळेल, आधीच दिवस वाईट आहेत, असेच त्यांना ऐकवले जाते. निहावंदपेक्षा वाईट दिवस कोणते होते, हा आमचा साधा प्रश्न आहे.

एका बाबतीत मात्र कूफ्याची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. कामाच्या ठिकाणी बाईची छेड काढल्याची तक्रार असेल तर भर मशिदीत विचारपूस करणे हाच तिच्यावर जुलूम ठरेल. 2013 च्या कायद्याने तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती सक्तीची केली आहे आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागण्याची सोय दिली आहे. उघड चौकशीचा हेतू एवढाच होता की मोठ्या माणसाने कोपऱ्यात प्रकरण मिटवू नये. तो हेतू आज जेथे गुप्ततेने साधतो तेथे गुप्तताच ठेवावी.

आपल्या किती संस्थांत अशी समिती खरोखर बसते आणि किती ठिकाणी ती केवळ फलकावर लिहिलेली आहे, हे त्या त्या संस्थेच्या लोकांनी पाहावे. पुढच्या सीरत जलशात हजरत उमर यांच्या पिठाच्या पोत्याची गोष्ट जरूर सांगावी. मात्र तिच्यानंतर बनू अब्सच्या मशिदीत उठून उभ्या राहिलेल्या माणसाची गोष्टही सांगावी, आणि आज आपल्या मशिदीत असा कोणी उठला तर त्याला बोलू दिले जाईल का, हे मंचावर बसलेल्या सदरसाहेबांनाच विचारावे.