आज्ञेचा सण आणि वाट्याचे काम

वर्ष संपत आले म्हणजे कचेरीत पुढील वर्षाच्या सुट्ट्यांची यादी येते. घरापासून दूर नेमणूक असलेल्या आमच्यासारख्या नोकरदाराच्या आयुष्यात इतक्या उत्सुकतेने वाचले जाणारे दुसरे परिपत्रक क्वचितच असेल. पहिली नजर जाते ती कोणकोणते सण रविवारी पडून वाया गेले इकडे. दुसरी जाते ती शनिवार-रविवारला जोडून कोणती सुट्टी येते इकडे. केंद्र सरकारच्या नोकरांना त्या यादीखेरीज आणखी दोन सुट्ट्या आपल्या पसंतीने घेता येतात. कचेरीच्या भाषेत त्यांना ‘आर. एच.’ म्हणतात. मराठी माणसाचा गुढीपाडवा पुष्कळदा या दुसऱ्या यादीत सापडतो. म्हणजे पाडवा साजरा करावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सरकारने मोठ्या उदारपणे आपल्यालाच दिलेला असतो.

आमचे एक वडीलधारे स्नेही या दोन सुट्ट्या कधीच सणासाठी घेत नसत. एक दाताच्या डॉक्टरासाठी राखीत आणि दुसरी बँकेच्या कामासाठी. दिवाळीच्या दिवशी भेटावयास जावे, तर ते नेहमीच्या वेळी, नेहमीच्या कपड्यांत वर्तमानपत्र वाचीत बसलेले असत. “दिवाळी म्हणजे कचेरी बंद. याहून अधिक काय?” असे ते म्हणत. त्यांच्या पाठीमागे लोक म्हणत की माणूस अरसिक आहे. कोणी म्हणत, नास्तिक आहे. आम्हीही काही काळ तसेच समजत होतो. परंतु सणाविषयी उदासीन होणारी माणसे एकेकटीच असतात असे नाही. कधीकधी सारे राष्ट्रच्या राष्ट्र सणाकडे पाठ फिरविते. त्या इतिहासाचा एक तुकडा वाचनात आल्यापासून आमच्या स्नेह्यांकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. तो इतिहास फ्रान्सचा आहे.

१४ जुलै १७९० रोजी, म्हणजे बास्तीय किल्ल्याच्या पाडावाला एक वर्ष झाले त्या दिवशी, पॅरिसमध्ये शां-द-मार्स या विस्तीर्ण मैदानावर राष्ट्रीय ऐक्याचा उत्सव व्हावयाचा होता. लाखो लोकांना बसता यावे म्हणून मैदानाच्या कडेने मातीचे उंच बांध घालावयाचे होते. दिवस थोडे उरले आणि लावलेले मजूर पुरेनात. तेव्हा पॅरिसचे नागरिक आपण होऊन मैदानात उतरले. दुकानदार, विद्यार्थी, संन्यासी, सरदार घराण्यांतील स्त्रिया आणि कोळीणी, सर्वांनी कुदळी-फावडी हाती घेतली आणि एकचाकी हातगाड्यांतून माती वाहिली. फ्रेंच इतिहासात हे दिवस ‘हातगाड्यांचे दिवस’ म्हणूनच ओळखले जातात. प्रत्यक्ष उत्सवाच्या दिवशी पाऊस कोसळत होता. ताल्येरांने प्रार्थना चालविली, लाफाएतने शपथ घेतली, आणि लोक चिखलात भिजत नाचत राहिले. छत्रीवाचून तासन्‌तास उभे राहण्याची आज्ञा त्यांना कोणीही दिलेली नव्हती. ज्या बांधावर ते उभे होते, तो त्यांनी स्वतः रचला होता.

आता आठ वर्षे पुढे जाऊ. मधल्या काळात राजा गेला, प्रजासत्ताक आले आणि १७९३ साली नवी कालगणना सुरू झाली. सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा ‘दशाह’ करण्यात आला. त्याचा दहावा दिवस, ‘देकादी’, हा विश्रांतीचा ठरला. रविवार कायद्याच्या दृष्टीने उरलाच नाही. ही योजना मूर्खांनी केलेली नव्हती. महिन्यांना फाब्र देग्लान्तीनने ऋतूंवरून दिलेली नावे आजही गोड वाटतात. दिवसांना संतांच्या नावांऐवजी झाडे, धान्ये आणि जनावरे यांची नावे मिळाली, आणि प्रत्येक देकादीला शेतीच्या एकेका अवजाराचे. ब्रूमेर महिन्याचा पहिला देकादी नांगराचा होता. शेतकऱ्यांच्या देशात याहून आपलेपणाचे पंचांग ते काय असणार, असे करणाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही.

मे १७९४ मध्ये रोब्सपियरने देकादींसाठी छत्तीस सणांची यादीच संमत करून घेतली. मानवजात, सत्य, न्याय, मैत्री, काटकसर, धैर्य, दुर्दैव, पूर्वज, भावी पिढ्या, अशा एकेका कल्पनेला एकेक दिवस. त्यांतील पहिला मोठा सोहळा, परमतत्त्वाचा उत्सव, ८ जून रोजी झाला. चित्रकार दाविदने त्याची आखणी केली होती आणि गर्दीही अपार लोटली. त्यानंतर पन्नास दिवसांनी रोब्सपियरचा शिरच्छेद झाला आणि ती यादी कागदावरच राहिली. पुढच्या राजवटीने ऑक्टोबर १७९५ मध्ये दुसरी, सात सणांची यादी केली: प्रजासत्ताकाची स्थापना, तारुण्य, दांपत्य, कृतज्ञता, शेती, स्वातंत्र्य आणि वार्धक्य.

यांपैकी एकाही सणाला नाव ठेवावयास जागा नाही. वृद्धांचा सन्मान करू नये, असे कोण म्हणेल? तरीही लोक येईनात. म्हणून १७९८ च्या ऑगस्ट महिन्यात दोन कायदे झाले. पहिल्याने देकादीला दुकाने आणि कारखाने बंद ठेवण्याची सक्ती केली, मोडणाऱ्यास दंड. दुसऱ्याने असे फर्माविले की देकादीला नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी पोशाख करून जमावे, नवे कायदे आणि सरकारी वार्तापत्र वाचून दाखवावे, शिक्षकांनी मुलांना घेऊन हजर राहावे, आणि विवाह त्याच दिवशी, विभागाच्या मुख्य गावीच लागावेत. हेतू उघड होता: निदान वऱ्हाडी तरी सभागृहात येतील! खेड्यांतून मात्र देकादीला शेतावर नांगर चालतच राहिले आणि रविवारी लोक स्वच्छ कपडे घालून घरी बसू लागले. ज्या दिवसाला नांगराचे नाव दिले होते, त्या दिवशी नांगर सोडावा असे शेतकऱ्याला वाटले नाही.

याची कारणे इतिहासकारांनी अनेक दिली आहेत आणि ती सर्व खरी आहेत. धर्मगुरूंचा छळ झाला होता. देवळांच्या घंटा उतरवून वितळविल्या होत्या. सातव्या दिवसाची विश्रांती दहाव्यावर गेल्यामुळे कष्टकऱ्याचे वर्षाचे बावन्न विसावे छत्तिसांवर आले होते. बाजारहाटाचे जुने वार मोडले होते. परंतु या सर्वांच्या मुळाशी आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. १७९० मध्ये माणसाला उत्सवात काम होते. १७९८ मध्ये केवळ हजेरी होती. आधी तो माती वाहात होता, नंतर तो वाचन ऐकत होता. उत्सवातील कल्पना वाईट नव्हती. त्या कल्पनेला त्याच्या हातांची गरज उरली नव्हती, एवढेच.

मोना ओझुफ या फ्रेंच इतिहासकार विदुषीने १९७६ साली क्रांतिकाळच्या उत्सवांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तीत दाखविलेली एक गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. १७९० च्या हिवाळ्यात पेरिगोर प्रांतातील शेतकऱ्यांनी गावोगाव उंच खांब रोवले. वसंतात गावच्या चौकात झाड उभे करण्याची त्यांची जुनीच चाल होती. तीच त्यांनी जमीनदाराविरुद्धच्या बंडाला लावली. पुढे क्रांतीचे चिन्ह म्हणून देशभर ‘स्वातंत्र्यवृक्ष’ लावले गेले, त्यामागे ही चाल होती. कोणत्याही समितीने न सुचविलेली ही गोष्ट लोकांना लगेच उमगली, कारण खड्डा खणणे आणि खांब उभा करणे हे त्यांचे स्वतःचे काम होते.

शेवट आमच्या वाचकवर्गाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. २६ जुलै १८०० रोजी नेपोलियनच्या सरकारने जाहीर केले की देकादी पाळण्याचे बंधन यापुढे फक्त अधिकारमंडळे, सरकारी अधिकारी आणि सरकारचे पगारी नोकर यांच्यावरच राहील. म्हणजे सगळ्या राष्ट्राने टाकून दिलेला सण काही काळ केवळ नोकरदारांनी साजरा केला! एप्रिल १८०२ मध्ये त्यांनाही रविवार परत मिळाला, आणि १ जानेवारी १८०६ पासून ती कालगणनाच रद्द झाली. रिकाम्या सभागृहात पोशाख करून बसलेल्या त्या फ्रेंच अधिकाऱ्यांची आम्हांस मनापासून कीव येते. आणि खरे सांगावयाचे तर, थोडी ओळखही पटते.

रशियात १९२९ साली याहूनही चमत्कारिक प्रयोग झाला. कारखाने अखंड चालावेत म्हणून आठवडा पाच दिवसांचा केला आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येक गटाला निराळ्या दिवशी सुट्टी दिली. विश्रांती वस्तुतः वाढली होती. सातव्याऐवजी पाचव्या दिवशी मिळत होती. पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या. रिकाम्या घरात एकट्याने बसून सुट्टीचे काय करावे, अशी तक्रार होऊ लागली. १९३१ मध्ये सर्वांना एकच सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० मध्ये सातवा दिवस परतला. सुट्टी मिळणे आणि सण होणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळते.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या घरचे आहे. रविवारची सुट्टी ही मुळात साहेबाची चाल. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना ती कोणी बहाल केली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी अर्ज-विनंत्या चालविल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी गिरणीमालकांनी मागणी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीवर शिक्कामोर्तब झाले. महाराष्ट्रात रविवार हा खंडोबाचा वार. तेव्हा तो परका वाटण्याचे कारणही नव्हते. फ्रान्सच्या सरकारने लोकांना दिलेला दिवस लोकांनी नाकारला. मुंबईच्या कामगारांनी मागून मिळविलेला दिवस मात्र त्यांचा झाला.

आता कोणी म्हणेल, काम वाट्याला आले म्हणजे सण गोड लागतो, तर मग घरच्या स्त्रियांना तो सर्वांत गोड लागावयास हवा. आक्षेप बिनतोड आहे. ज्या घरात पहाटेच्या अभ्यंगाच्या पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सारा सण एकाच बाईच्या अंगावर पडतो, तिथे तिलाही सणाचा वीट येतो, आणि तो यावा हेच न्याय्य आहे. वाटा म्हणजे सर्वस्व नव्हे. एकाला सारे काम आणि दुसऱ्याला सारी मौज अशी वाटणी झाली, की दोघेही उदास होतात: एक थकून, दुसरा रिकामा राहून.

आमच्या स्नेह्यांचे दुखणे या दुसऱ्या प्रकारचे होते, हे आम्हांस फार उशिरा समजले. त्यांच्या घरी एके काळी थाटाची दिवाळी होत असे. पण सगळे करीत ते त्यांच्या पत्नीने. आल्यागेल्याशी बोलणे एवढेच त्यांच्याकडे असे. ती माउली निवर्तली, मुले परदेशी गेली, आणि तिच्याबरोबर सगळा सण गेला. त्यांच्या हाताला सणातले एकही काम कधी ठाऊक नव्हते, त्यामुळे आठवण धरून ठेवण्यासही त्यांच्याजवळ काही उरले नाही. ज्याला आम्ही अरसिकपणा समजलो, ते रितेपण होते.

आणि आम्ही तरी त्यांच्याहून निराळे कोठे होतो? कित्येक वर्षे, बदली होईल त्या गावच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीची वर्गणी द्यावी, मागच्या रांगेतील खुर्चीवर बसून गाणे ऐकावे, प्रसाद घ्यावा आणि पावती खिशात घालून घरी यावे, हा आमचा परिपाठ होता. मन तिथे कधी रमले नाही, आणि त्याचा दोष आम्ही मंडळाला देत आलो. एका वर्षी स्वयंपाकाचा माणूस ऐन वेळी आला नाही, आणि कोणीतरी आमच्यापुढे नारळांची रास व खोवणी सरकविली. दोन तास आम्ही नारळ खोवीत होतो. शेजारी एक तरुण कारकून होता. त्याचे नावही आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. त्या वर्षीचे गाणे कोणाचे होते ते आज आठवत नाही. पण त्या मोदकांची चव आठवते, आणि त्या तरुणाच्या मुलाच्या बारशाला आम्ही गेलो होतो.

आपल्या जुन्या रीतीत एक शहाणपण आहे. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल, तिथे दिवाळीला कढई चढत नाही. त्या घराला कोणी उदासीन म्हणत नाही. शेजारीपाजारी आपल्या घरचा फराळ तिथे पोहोचवितात. सण न करणाऱ्यासाठीही सणात एक जागा ठेवलेली आहे. परगावी आलो म्हणजे नेमक्या अशाच रीती मागे पडतात, आणि सुट्ट्यांची यादी तेवढी हातात राहते.

यंदा आमच्या स्नेह्यांना आम्ही फराळाचे निमंत्रण धाडलेले नाही. आकाशकंदील घरीच करावयाचा आहे. त्याच्या कामट्या तासण्यास दिवाळीआधीच्या रविवारी यावे, असे त्यांना कळविले आहे. त्यांनी उत्तरी एवढेच विचारले आहे की चाकू आणावयाचा की आमच्याकडे आहे.